रयतेचे कैवारी सर विल्यम वेडरबर्न

पावसानें दगा दिला म्हणजे शेतकऱ्यास सरकारनें साह्य करावें, ही गोष्ट आज आपणांस इतकी स्वाभाविक वाटते कीं, तिच्याविषयीं कोणास कधीं झगडावें लागलें असेल असें मनांतही येत नाहीं. वर्तमानपत्रांत दुष्काळाची वार्ता येते, आणि तिच्या पाठोपाठ मदतीची वार्ता येते. परंतु ही मदत कोणत्या वेळीं द्यावी, कोणत्या रीतीनें द्यावी, आणि दिलेला पैसा शेतकऱ्याच्या शेतांत पडतो कीं दुसऱ्या कोणाच्या तिजोरींत जातो, हे प्रश्न दिसतात तितके सोपे नाहींत. या प्रश्नांचा विचार आपल्या महाराष्ट्रांत बसून, महाराष्ट्रांतील एका तालुक्यावर दृष्टि ठेवून, ज्यांनीं मनापासून केला, अशा एका परदेशस्थ सज्जनाचें चरित्र विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस सादर करावें, असा या लेखाचा हेतु आहे.

विल्यम वेडरबर्न यांचा जन्म २५ मार्च १८३८ रोजीं स्कॉटलंडांतील एडिंबरो शहरीं झाला. घराणें जुनें व मानाचें होतें. त्यांचे वडील सर जॉन वेडरबर्न हे मुंबई इलाख्याच्या मुलकी नोकरींत होते. त्यामुळें हिंदुस्थान देशाचें नांव त्या घरांतील मुलांच्या कानांवर लहानपणापासूनच पडत असे. विल्यम यांचें प्रारंभींचें शिक्षण कांहीं काळ स्वित्झर्लंडांतील हॉफविल येथें झालें. ही शाळा फेलेनबर्ग नांवाच्या शिक्षणशास्त्रज्ञानें काढली होती, आणि पुस्तकी विद्या व शेतांतील श्रम यांची तेथें सांगड घातलेली असे. पुढें स्कॉटलंडांतील लॉरेटो शाळेंत व नंतर एडिंबरो येथील विश्वविद्यालयांत त्यांनीं आपलें शिक्षण पुरें केलें.

ते एकोणीस वर्षांचे असतांना त्यांच्या कुटुंबावर मोठा घाला पडला. १८५७ च्या उठावांत त्यांचे वडील बंधु जॉन, जे पंजाबच्या बाजूस हिसार येथें अधिकारी होते, ते व त्यांची पत्नी व तान्हें मूल अशीं तिघेंही मारलीं गेलीं. अशा प्रसंगीं साधारण माणसाच्या मनांत सूडाची भावना उत्पन्न व्हावी, अगर त्या देशाचें तोंडही पाहूं नये असें वाटावें, यांत नवल नाहीं. विल्यम यांच्या मनानें निराळा मार्ग धरला. दोनच वर्षांनीं, १८५९ सालीं, ते सिव्हिल सर्व्हिसच्या परीक्षेंत उत्तीर्ण झाले आणि १८६० सालीं मुंबई इलाख्यांत नोकरीवर रुजू झाले. धारवाड येथें असिस्टंट कलेक्टर म्हणून त्यांचा पहिला मुक्काम पडला. ज्या देशांत भावाचा प्राण गेला, त्याच देशाच्या रयतेचे ते पुढें सत्तावन वर्षें हितचिंतक राहिले. त्यांच्या चरित्रांतील ही एकच गोष्ट सांगून थांबलें, तरी तें चरित्र वाचल्याचें सार्थक होईल.

नोकरींत ते हळूहळू वर चढत गेले. न्यायखात्यांत त्यांनीं निरनिराळ्या जिल्ह्यांत काम केलें. सिंध प्रांतांतही कांहीं काळ न्यायखात्याचे मुख्य अधिकारी म्हणून ते होते. आणि १८८२ च्या सुमारास ते पुणें येथें जिल्हा न्यायाधीश झाले. त्याच वर्षीं त्यांचे बंधु सर डेव्हिड निवर्तल्यामुळें घराण्याचा सर हा किताब त्यांच्याकडे आला. परंतु किताबापेक्षां न्यायाधीशाच्या खुर्चीनेंच त्यांस अधिक शिकविलें असें म्हटलें पाहिजे. कारण त्या खुर्चीसमोर दररोज जे दावे येत, त्यांत सावकार व शेतकरी यांचे दावे फार मोठ्या संख्येनें असत.

त्या काळीं दख्खनच्या शेतकऱ्याची स्थिति कशी होती, हें थोडें समजून घेतलें पाहिजे. नाहीं तर पुढील हकीकतीचा अर्थ नीट लागणार नाहीं. पुणें, सातारा, नगर व सोलापूर या जिल्ह्यांत रयतवारी पद्धति होती. प्रत्येक शेतकऱ्यानें आपल्या जमिनीचा सारा रोख पैशांत सरकारांत भरावयाचा. हा सारा तीस तीस वर्षांसाठीं ठरलेला असे. पाऊस मात्र तीस वर्षांसाठीं ठरलेला नसे! पीक बुडालें तरी हप्त्याची तारीख येई, आणि ती चुकली तर जमीन जाण्याची भीति. मग शेतकऱ्यानें कोठें जावें? गांवच्या सावकाराकडे. सावकाराशिवाय त्यास दुसरा आश्रय नव्हता, ही गोष्ट खरी. आणि सावकार आपले पैसे बुडण्याचा धोका पत्करून ते देत असे, हीही गोष्ट खरी. परंतु दरमहा दरशेकडा दोन रुपये व्याज त्या वेळीं कांहीं विशेष मानलें जात नसे.

विद्यार्थ्यांनीं येथें थोडें गणित करून पाहावें. शंभर रुपये कर्ज काढलें, दरसाल दरशेकडा चोवीस रुपये व्याज, आणि व्याज न फिटल्यास वर्षाच्या अखेरीस तें मुद्दलांत मिळवावयाचें. तीन वर्षांच्या अखेरीस त्या शंभराचे जवळजवळ एकशें एक्याण्णव रुपये होतात. चवथ्या वर्षीं पीक उत्तम आलें, तरी कोरडवाहू जमिनीच्या धन्यानें हे फेडावे कोठून? तो जुनें खत फाडून नवें खत लिहून देई. खतावर काय लिहिलें आहे, हें त्यास वाचतां येत नसे. तो नुसता निशाणीचा धनी. पुढें तें खत कोर्टांत येई, आणि खत खरें ठरलें म्हणजे कायद्याप्रमाणें न्यायाधीशास हुकूमनामा करून द्यावा लागे.

१८६१ पासून १८६५ पर्यंत अमेरिकेंत यादवी युद्ध चालू होतें. त्यामुळें तेथील कापूस विलायतेस जाईना, आणि आपल्या इकडील कापसास सोन्याचा भाव आला. त्या दिवसांत शेतकऱ्याची पत वाढली व कर्जही वाढलें. युद्ध संपलें, भाव कोसळले. कर्ज मात्र जेथल्या तेथें उभें. त्यांतच इंदापूर वगैरे तालुक्यांत नव्या पाहणीनें साऱ्याची आकारणी वाढविण्यांत आली. अखेर १२ मे १८७५ रोजीं भीमथडी तालुक्यांतील सुपें गांवीं बाजारच्या दिवशीं लोक सावकारांच्या दुकानांवर व घरांवर तुटून पडले. पुणें व नगर जिल्ह्यांतील इतर गांवींही तेंच घडलें. लोकांस धान्य किंवा दागिने नको होते; त्यांस खतें हवीं होतीं, आणि तीं त्यांनीं जाळलीं. या दंग्यांच्या मागोमाग १८७६ पासून १८७८ पर्यंतचा भयंकर दुष्काळ आला. त्यांत दक्षिणेंत लाखों माणसें मरण पावलीं, व गुरांची तर गणनाच राहिली नाहीं.

सरकार अगदींच स्वस्थ बसलें होतें असें नाहीं. १८७९ सालीं दख्खनच्या शेतकऱ्यांसाठीं एक कायदा करण्यांत आला. त्यानें न्यायाधीशांस खताच्या पाठीमागें जाऊन मूळ देणें किती होतें हें पाहण्याचा अधिकार मिळाला, आणि कर्जापायीं शेतकऱ्यास तुरुंगांत टाकण्याची रीत बंद झाली. या कायद्याच्या अंमलबजावणींत न्यायमूर्ति महादेव गोविंद रानडे यांनीं फार परिश्रम केले. परंतु कायद्यानें अन्याय थोपवितां येतो. त्यानें शेतकऱ्याच्या घरांत बियाणें येत नाहीं. सावकारानें भिऊन हात आखडता घेतला, तर मृगाचा पाऊस पडल्यावर पाभरींत घालावयास बाजरी आणावी कोठून, हा प्रश्न उरलाच.

याला उत्तर म्हणून एक जुनी वहिवाट होती, ती तगाईची. तगाई म्हणजे सरकारनें शेतकऱ्यास बियाणें, बैल, विहीर, ताल यांसाठीं दिलेली उचल. मराठेशाहींतही ओसाड पडलेलीं गांवें पुन्हां वसवितांना अशी उचल देत असत. इंग्रजी अंमलांतही ती चालू राहिली. परंतु ती फार थोड्यांस मिळे, आणि मिळेपर्यंत फार वेळ जाई. अर्ज करावयाचा, कुलकर्ण्याकडून उतारा घ्यावयाचा, जामीन उभा करावयाचा, मामलेदार कचेरींत खेटे घालावयाचे, मग चौकशी, मग मंजुरी. इतकें होईपर्यंत वाफसा निघून जाई. पेरणीची वेळ टळल्यावर हातीं पडलेले बियाण्याचे पैसे हें साह्य नव्हे, तें आणखी एक देणें होय. शिवाय, ज्याच्या डोक्यावर सावकाराचा हुकूमनामा लोंबत आहे, त्याच्या हातीं सरकारचे पंचवीस रुपये पडले, तर ते शेतांत जाणार कीं सावकाराच्या घरीं जाणार, हें सांगावयास नको.

वेडरबर्न साहेबांचा विशेष असा कीं, त्यांनीं हें दुखणें मुळापर्यंत शोधिलें. त्यांस असें दिसून आलें कीं, जुन्या कर्जाचा उलगडा केल्यावांचून नवी मदत व्यर्थ आहे. आणि स्वस्त व्याजाचा कायमचा आश्रय दिल्यावांचून जुन्या कर्जाचा उलगडाही व्यर्थ आहे, कारण पुढच्याच अवर्षणांत शेतकरी पुन्हां त्याच दारीं जाईल. म्हणून या दोन्ही गोष्टी एकदम केल्या पाहिजेत. या विचारांतून त्यांची शेतकी बँकेची योजना निघाली. पुण्याच्या सार्वजनिक सभेंतील विचारी मंडळी व न्यायमूर्ति रानडे यांचें या कामीं त्यांस मोठें साह्य होतें.

योजनेचें स्वरूप साधें होतें. सबंध देशास एकदम हात न घालतां एकच तालुका प्रयोगासाठीं घ्यावा. तो पुणें जिल्ह्यांतील पुरंदर तालुका. सासवड हें त्याचें मुख्य ठिकाण. कऱ्हा नदीचें खोरें, डोंगराळ व कमी पावसाची जमीन, आणि कष्टाळू पण कर्जबाजारी रयत. तेथें सरकारी अधिकाऱ्यानें प्रत्येक शेतकऱ्याचें देणें तपासावें. सावकारास समजावून योग्य रक्कम ठरवावी. आणि ती रक्कम सरकारनें उचल देऊन एकदां फेडून टाकावी. नंतर पुण्यांतील धनिकांनीं भांडवल घालून काढलेल्या बँकेनें त्या शेतकऱ्यांस माफक व्याजानें बियाण्यासाठीं, बैलांसाठीं, विहिरींसाठीं पैसा पुरवावा. बँकेस कोर्टाच्या पायऱ्या झिजवाव्या लागूं नयेत, म्हणून तिच्या हप्त्यांची वसुली तगाईप्रमाणें सरकारच्या मुलकी खात्यानें करून द्यावी. वसुली खात्रीची व कमी खर्चाची झाली, म्हणजे व्याजही कमी ठेवतां येईल.

या योजनेंत सावकारास शत्रु मानलेलें नव्हतें, हें लक्षांत घेण्यासारखें आहे. वेडरबर्न साहेबांस त्याचा नाश करावयाचा नव्हता. ज्यांच्याजवळ पैसा आहे, त्यांनींच तो उघडपणें, ठरलेल्या दरानें व कायद्याच्या आश्रयाखालीं बँकेंत घालावा, आणि त्यांचें व शेतकऱ्याचें हित एकाच वाटेनें जावें, अशी त्यांची इच्छा होती. पुण्याच्या धनिकांनींही योजनेस अनुकूलता दाखविली. त्या वेळीं लॉर्ड रिपन हे व्हाइसरॉय होते व सर ईव्हलिन बेअरिंग हे हिंदुस्थान सरकारचे जमाखर्चाचे मंत्री होते. त्या दोघांसही योजना पटली. विलायतेंत जॉन ब्राइट यांच्यासारख्या थोर पुढाऱ्यानें तिची बाजू उचलून धरली. १८८४ सालीं हिंदुस्थान सरकारनें प्रयोग करून पाहावा अशी शिफारस विलायतेस पाठविली.

आतां पुरंदर तालुक्याचें भाग्य उजाडणार, असें कोणासही वाटलें असतें. परंतु तसें व्हावयाचें नव्हतें. रिपन साहेब त्याच वर्षीं स्वदेशीं परतले. बेअरिंग साहेब तत्पूर्वींच मिसर देशांत गेले होते. विलायतेंतील भारतमंत्र्यांच्या कचेरींत शंका निघूं लागल्या. खाजगी बँकेचें देणें सरकारी अधिकाऱ्यांनीं वसूल केलें, तर त्या बँकेबद्दलचा लोकांचा राग सरकारवर येईल, ही त्यांतील मुख्य शंका. शंका अगदींच निराधार होती असें म्हणतां येणार नाहीं; परंतु एका तालुक्यांत प्रयोग करून ती खरी कीं खोटी हें पाहावें, इतकेंच तर मागणें होतें! पत्रें गेलीं, उत्तरें आलीं, वर्षें लोटलीं, आणि अखेर योजना नामंजूर झाली. पुरंदर तालुक्यांतील ज्या शेतकऱ्यांच्या नांवानें हा सर्व पत्रव्यवहार झाला, त्यांच्यापैकीं बहुतेकांस आपल्यासाठीं असें कांहीं चाललें होतें याचा पत्ताही नसेल.

याच सुमारास तगाईचे दोन कायदे झाले, हेंही येथें सांगितलें पाहिजे. १८८० च्या दुष्काळ कमिशननें शेतकऱ्यांस सरकारनें कर्जाऊ पैसे द्यावे अशी सूचना केली होती. त्याप्रमाणें १८८३ च्या कायद्यानें विहिरी, तळीं, बांध यांसारख्या जमिनीच्या सुधारणेसाठीं लांब मुदतीचीं कर्जें देण्याची सोय झाली. तीं जास्तींत जास्त पस्तीस वर्षांच्या हप्त्यांनीं फेडतां येत. १८८४ च्या कायद्यानें आपत्तीच्या निवारणासाठीं आणि बियाणें व गुरें विकत घेण्यासाठीं कर्ज देण्याची तरतूद झाली. हे कायदे चांगले होते, आणि पुढील अनेक दुष्काळांत त्यांनीं शेतकऱ्यांस आधार दिला. परंतु वेडरबर्न साहेबांच्या योजनेचें जें मर्म, म्हणजे जुन्या कर्जाचा उलगडा व नव्या पैशाचा कायमचा झरा, तें त्यांत नव्हतें. बुडत्यास काठी देण्याची सोय झाली. त्यास पोहावयास शिकविण्याची झाली नाहीं.

१८८७ सालीं मुंबई सरकारचे हंगामी मुख्य सेक्रेटरी असतांना वेडरबर्न साहेबांनीं नोकरी सोडली. या वेळीं त्यांचें वय एकोणपन्नास वर्षांचें होतें. मनुष्य अशा वेळीं काय करतो? निवृत्तिवेतन घेऊन स्वदेशीं जातो, बाग लावतो, जुन्या आठवणी सांगतो, आणि आपली योजना ज्यांनीं मोडली त्यांस दूषणें देत बसतो. वेडरबर्न साहेबांनीं यांतील कांहींच केलें नाहीं. ज्या दारावर आपली विनंती अडली, तें दार विलायतेंत आहे, हें त्यांनीं ओळखलें होतें. म्हणून तेथेंच राहून हिंदी रयतेची दाद लावून घेण्याचें काम त्यांनीं अंगावर घेतलें.

१८८९ सालीं मुंबई येथें राष्ट्रीय सभेची बैठक भरली, तिच्या अध्यक्षस्थानीं त्यांची योजना झाली. गंमत अशी कीं, १८८९ सालच्या त्या सभेस प्रतिनिधिही १८८९ च आले होते! याच सुमारास विलायतेंत राष्ट्रीय सभेची एक समिति स्थापन झाली. तिचा भार वेडरबर्न साहेबांनीं पुष्कळ वर्षें वाहिला, व त्यासाठीं स्वतःच्या पैशाचीही झळ सोसली. १८९३ सालीं स्कॉटलंडांतील बँफशायर मतदारसंघातर्फे ते पार्लमेंटांत निवडून आले आणि १९०० पर्यंत तेथें होते. त्या सात वर्षांत हिंदुस्थानाविषयीं आस्था बाळगणाऱ्या सभासदांची एक मंडळी त्यांनीं जमविली. हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करण्यासाठीं १८९५ सालीं लॉर्ड वेल्बी यांच्या अध्यक्षतेखालीं जें कमिशन नेमण्यांत आलें, त्यावर दादाभाई नौरोजी यांच्याबरोबर तेही होते. त्याच कमिशनपुढें १८९७ सालीं गोपाळ कृष्ण गोखले यांनीं साक्ष दिली. वेडरबर्न व गोखले यांचा पुढें जो स्नेह जडला, तो गोखल्यांच्या मृत्यूपर्यंत टिकला.

दरम्यान इकडे १८९६-९७ चा व त्यामागून १८९९-१९०० चा, असे दोन दुष्काळ लागोपाठ आले. सरकारनें दुष्काळी कामें काढलीं, तगाई वाटली, सारा तहकूब केला. तरीही माणसें व गुरें फार मेलीं. वेडरबर्न साहेबांच्या मनास हें फार लागलें. १९०१ सालीं कांहीं सज्जनांच्या साह्यानें त्यांनीं लंडन येथें दुष्काळ निवारणासाठीं एक संघ काढला. त्यांचें मागणें पुन्हां तेंच, साधें व व्यवहारी: दुष्काळ पडलेल्या भागांतील कांहीं नमुन्याचीं गांवें निवडावीं, आणि घरोघर जाऊन शेतकऱ्याचें उत्पन्न किती, कर्ज किती, सारा किती, शिल्लक किती, याची बारकाईनें चौकशी करावी. रोग्याची नाडी पाहिल्याशिवाय वैद्य औषध देत नाहीं; मग रयतेची नाडी कां पाहूं नये? हेंही मागणें मान्य झालें नाहीं.

त्याच सुमारास दूर मिसर देशांत एक विलक्षण गोष्ट घडली. पूर्वीं हिंदुस्थानांत जमाखर्चाचे मंत्री असलेले बेअरिंग साहेब आतां लॉर्ड क्रोमर या नांवानें मिसरचा कारभार पाहत होते. तेथील शेतकरीही कर्जांत बुडालेला होता. १९०२ सालीं तेथें शेतकी बँक स्थापन झाली, आणि तिच्या हप्त्यांची वसुली सरकारचे सारा गोळा करणारे कामगार करूं लागले. पुरंदर तालुक्यासाठीं जें अशक्य ठरलें होतें, तें नाईल नदीच्या कांठीं शक्य झालें! ती बँकही सर्वथा निर्दोष नव्हती. पुढें तीही अडचणींत आली, व १९१२ च्या एका कायद्यानें लहान शेतकऱ्याची जमीन कर्जापायीं विकण्यास तेथें बंदी झाल्यावर तिचा व्यवहार आटला. तथापि प्रयोग करून पाहण्यानें राज्य बुडत नाहीं, इतकें तरी तिनें सिद्ध केलें.

आपल्या देशांत निराळी वाट निघाली. मद्रास इलाख्यांत फ्रेडरिक निकल्सन यांनीं जर्मनींतील सहकारी पेढ्यांचा अभ्यास करून १८९५ व १८९७ सालीं मोठा अहवाल लिहिला, आणि १९०४ सालीं सहकारी पतपेढ्यांचा कायदा झाला. बाहेरून भांडवल आणून बँक काढण्याऐवजीं शेतकऱ्यांनींच एकत्र येऊन एकमेकांस जामीन राहावें, हें त्याचें तत्त्व. १९११ सालीं सर विठ्ठलदास ठाकरसी व लल्लूभाई सामळदास यांच्या प्रयत्नानें मुंबईस मध्यवर्ती सहकारी बँक निघाली. तीच पुढें वाढत वाढत महाराष्ट्राची राज्य सहकारी बँक झाली. हें झाड वेडरबर्न साहेबांनीं लावलें असें म्हणणें बरोबर होणार नाहीं. परंतु शेतकऱ्यास स्वस्त व वेळेवर मिळणाऱ्या पैशाची सोय करणें हें राज्यकर्त्यांचें कर्तव्य आहे, ही गोष्ट ज्यांनीं वीस वर्षें आधीं सांगितली, आणि कोणी ऐकेना तरी सांगतच राहिले, त्यांत त्यांचें नांव प्रथम घेतलें पाहिजे. जमीन नांगरून ठेवणाऱ्याचें नांव पिकावर लिहिलेलें नसतें.

१९०४ च्या मुंबईच्या राष्ट्रीय सभेस ते पुन्हां हिंदुस्थानांत आले होते. १९१० सालीं, वयाच्या बहात्तराव्या वर्षीं, समुद्रप्रवासाचे कष्ट सोसून ते आणखी एकदां आले व अलाहाबाद येथील बैठकीचे अध्यक्ष झाले. त्या वेळीं राष्ट्रीय सभेंतील पक्षांत फूट पडली होती, आणि हिंदु व मुसलमान यांच्यांतही वितुष्ट वाढत होतें. सर्वांस एकत्र आणण्याचा त्यांनीं या वयांतही यत्न केला. १९१३ सालीं त्यांनीं आपले जुने सहकारी ह्यूम यांचें चरित्र लिहून प्रसिद्ध केलें. शेवटीं २५ जानेवारी १९१८ रोजीं, इंग्लंडांतील ग्लॉस्टरशायर परगण्यांत, आपल्या राहत्या घरीं त्यांनीं देह ठेवला.

जगाच्या दृष्टीनें पाहिलें तर या पुरुषाचें जीवित अयशस्वी झालें असें कोणी म्हणेल. त्यांची बँक निघाली नाहीं. त्यांची चौकशी झाली नाहीं. परंतु यश व अपयश यांचा हिशोब इतक्या लवकर मांडावयाचा नसतो. त्यांनीं जी कसोटी घालून दिली ती आजही तितकीच खरी आहे. आपत्तींत सांपडलेल्या शेतकऱ्यास सरकारनें साह्य केलें, म्हणजे तीन प्रश्न विचारावे: तें पेरणीपूर्वीं पोहोंचलें काय? तें शेतांत पडलें कीं जुन्या कर्जाच्या खड्ड्यांत? आणि त्यायोगें तो शेतकरी पुढच्या अवर्षणास तोंड देण्यास अधिक समर्थ झाला, कीं पुन्हां हात पसरावयासच मोकळा राहिला?

आमच्या शाळेंतील पुष्कळ मुलांचे वडील शेती करतात. अर्जाचा कागद घेऊन कचेरीच्या ओट्यावर बसणें म्हणजे काय, हें त्यांस सांगावयास नको. आणि मुलगा शिकला म्हणजे आपल्या घरचा कागद आपल्याच घरीं वाचला जाईल, एवढ्या एका आशेनें त्यांच्यापैकीं कित्येकांनीं आपल्या मुलांस शाळेंत घातलें आहे. याच मुलांपैकीं कोणी उद्यां तलाठी होईल, कोणी कारकून, कोणी मामलेदार, कोणी बँकेचा अधिकारी, कोणी न्यायाधीश. त्यांच्या मेजावर एके दिवशीं एखाद्या अनोळखी शेतकऱ्याचा अर्ज येईल. त्या अर्जाच्या पाठीमागें एक कोरडें शेत, एक रिकामी दावण व वाट पाहणारें एक कुटुंब असेल. आणि आभाळांत ढग जमूं लागलेले असतील. तो कागद आज पुढें सरकवावयाचा कीं उद्यां, हें त्यांच्या हातीं असेल. त्या वेळीं, न्यायाधीशाच्या खुर्चीवर बसून खताच्या पलीकडचा माणूस ज्यांस दिसला, त्या विल्यम वेडरबर्न यांची त्यांनीं आठवण करावी, आणि कागद आजच पुढें सरकवावा.